सात नंबरच्या पार्किंगमधला पिंट्या

"मॅडम, माझ्या पार्किंगमध्ये बैल आहे."

फोनवर परबसाहेब होते. राहायला वर्तकनगरला, वय पन्नाशीपुढे. आयुष्यातली पहिली गुंतवणूक म्हणून ठाकुर्लीत वन बीएचके घेत होते. मी त्यांची एजंट. टोकन, म्हणजे व्यवहार पक्का करायची पहिली रक्कम, देऊन झालं होतं. दुसऱ्या दिवशी करारनाम्याची नोंदणी. भाडेकरूसुद्धा मीच शोधलेला: नवरा-बायको, नवी कोरी गाडी, अट एकच, पार्किंग छताखाली हवं. संध्याकाळी ते जागा बघायला येणार होते. ते हातचे गेले असते तर कर्जाचा हप्ता परबांच्या पगारातून, आणि लेकीची कॉलेजची फीसुद्धा त्यातूनच.

"भटका असेल. हुसकवा," मी म्हटलं.

"गळ्यातल्या पट्ट्यावर सोसायटीचा स्टिकर आहे. सात नंबर."

मी रिक्षा पकडली.

बैल खरोखरच होता. पांढराशुभ्र, शिंगं रंगवलेली. डोक्यावर छताला पंखा, तोही चालू. फ्लॅट विकणारे म्हात्रेकाका त्याला खरारा करत होते.

"काका, हे पार्किंग तुम्ही फ्लॅटबरोबर विकलंय."

"इकलं ना. पिंट्याला कुटं इकलं?"

"मग त्याला हलवा."

"दोनदा हलवला. दावं तोडून परत हितंच. आमचा गोठा हितंच व्हता, बाय. बिल्डिंग मागनं आली."

इथे अशा इमारती पुष्कळ आहेत. भातशेतीची जमीन बिल्डरला द्यायची, बदल्यात फ्लॅट घ्यायचे. म्हात्र्यांना चार मिळाले, चार पार्किंगसकट. शेती संपली, शर्यतीचा बैल राहिला.

मी परबांकडे वळले. "तुम्ही तीनदा येऊन गेलात. बैल दिसला नाही?"

"नळाचा प्रेशर बघितला, होकायंत्राने दिशा बघितली, शेजाऱ्यांकडे चहा प्यायलो. पार्किंग रिकामंच होतं हो!"

"कोणत्या वारी आलात?"

"रविवारी. सुट्टी तेव्हाच असते. आज रजा टाकून आलो."

"रविवारी आमी शर्यतीला जातो," म्हात्रेकाका म्हणाले.

परबांचा फोन वाजला. पलीकडून वहिनींचा आवाज मलाही ऐकू आला. "तरी मी सांगत होते, एफडी करा!"

सेक्रेटरी खाली आले. निवृत्त गृहस्थ, नियमांना पक्के.

"पार्किंगमध्ये जनावर बांधायला मनाई आहे," ते म्हणाले. "पण स्टिकरशिवाय काहीही उभं करायलासुद्धा मनाई आहे. म्हटलं, निदान एक नियम तरी पाळा."

मी म्हात्र्यांच्या बाकी तीन जागा बघून आले. एकीत पेंढा, दुसरीत शर्यतीचा छकडा, तिसरीत, म्हणजे चार नंबरला, त्यांची मोठी गाडी.

"काका, चार नंबर परबांना द्या. सात तुम्हाला राहू दे."

"घ्या. गाडी रस्त्यावर लावतो. तिला ऊन बाधत नाय."

सेक्रेटरींनी अदलाबदलीचा अर्ज काढला. "सात नंबरला वाहन कोणतं लिहू? दुचाकी की चारचाकी?"

"पाय चार हायत," म्हात्रेकाका म्हणाले.

बराच विचार करून सेक्रेटरींनी 'इतर' लिहिलं आणि सही केली. करारनाम्यात सातच्या जागी चार करायला मी वकिलाला फोन लावला. त्याने कारण विचारलं. मी सांगितलं. त्याने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

संध्याकाळी भाडेकरू आले. चार नंबर बघितला, पिंट्या बघितला. बाईंनी छताकडे पाहिलं.

"पंखा फक्त त्यालाच?"

जागा त्यांनी घेतली. नोंदणी ठरल्या दिवशी झाली. हप्ता भाड्यातून निघतो, चार नंबरला पंखा मात्र परबांना बसवून द्यावा लागला.

गुंतवणुकीसाठी पहिलं घर घेणाऱ्यांना मी आता एकच सांगते. एक दिवस रजा टाका आणि जागा मंगळवारी, बुधवारी बघा. रविवारी सगळीच पार्किंगं रिकामी दिसतात.