मागच्यासारखीच पत्रिका

तुम्ही विकत घेतलेली, विनातक्रार चालणारी वस्तू उद्यापासून निकामी, हे ठरवायचा अधिकार तुम्ही कुणाला दिला आणि कधी?

मी पत्रकांवर वाढले. बंद पडलेल्या एसटीच्या फेरीसाठी, गावच्या शाळेला शिक्षक मिळावा म्हणून वडील पत्रकं लिहायचे आणि ती नांदेडच्या एका डीटीपीच्या दुकानात टाईप व्हायची. दुकान ज्यांचं, त्यांना सगळे चाचा म्हणतात. शाळेत असताना मी तिथल्या स्टुलावर बसून प्रुफं तपासायची. आता पत्रकं मी लिहिते, टाईप चाचाच करतात.

चाचांचं दुकान मात्र लग्नपत्रिकांवर चालतं. नायगाव-मुखेडकडची माणसं येतात ती मजकूर न घेताच. "मागच्यासारखीच करा," एवढंच सांगतात. चाचा त्या घरच्या आधीच्या लग्नाची फाईल उघडतात, नवरा-नवरीची नावं आणि तारीख बदलतात, मग चष्मा वर सरकवून हळूच विचारतात, "सगळे हायेत ना?" कुणी गेलेलं असेल तर त्या नावाआधी 'कै.' लागतं. निमंत्रकांत कोणते काका आधी, कोणते नंतर, मामांची रांग कुठून सुरू होते, हे घरच्यांपेक्षा त्या फायलींना पक्कं ठाऊक. एक नाव खाली गेलं तर माणूस मांडवातून न जेवता परततो.

त्या फायली एकाच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. त्याच्यासोबत अंगठ्याएवढं लॉक आलं होतं. ते कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या रुंद खाचेत, जिथं पूर्वी प्रिंटरची वायर लागायची, तिथं बसवलं तरच सॉफ्टवेअर सुरू होतं. गेल्या उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर काम करता करता बंद पडायला लागला. चाचांच्या लेकीनं नवा आणून दिला. त्याला ती खाचच नव्हती, आणि नवी विंडोज जुन्या सॉफ्टवेअरला दारातही उभं करेना. चाचा दोन दिवस नव्या कॉम्प्युटरवर फडकं टाकून बसले.

जुना कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून आम्ही एसटीनं लातूरला नेला. तिथल्या मेकॅनिकनं धूळ काढली, एक भाग बदलला आणि सांगितलं की चालेल तितका चालवा, आतला बोर्ड गेला की संपलं. असा बोर्ड कुठं दिसला तर मलाही कळवा, असंही म्हणाला. त्याच्याकडं असे तिघंचौघं येऊन गेले होते.

परतीच्या वाटेवर मी बसमध्येच पत्रक लिहिलं. सॉफ्टवेअर विकून झाल्यावर हात झटकणाऱ्या कंपन्यांवर, माणसाच्या बोटांत मुरलेलं कसब एका अपडेटनं रद्द करणाऱ्यांवर. चाचांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"लई भारी लिवलंस, बेटा. पण त्यानं फाईल उघडंना."

मला ते लागलं. मग मी उघडूनच दाखवायचं ठरवलं. मुखेडकडच्या पत्रिकांचा अख्खा फोल्डर पेनड्राईव्हवर घेतला, कॉपी न करता, कट करून. नव्या कॉम्प्युटरवर महिनाभर फुकट मिळणारं नवं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात फायली उघडल्या, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. फॉन्ट नंतर लावू म्हणत मी एकेक फाईल त्याच नावानं सेव्ह करत गेले. फॉन्ट लावूनही काला तसाच राहिला, आणि जुन्या कॉम्प्युटरवर परत नेल्या तेव्हा नव्या सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह झालेली त्यातली एकही उघडली नाही.

हे चाचांना सांगायला मी एक दिवस लावला. तेवढ्यात मुखेडहून एक गृहस्थ धाकट्या मुलीच्या पत्रिकेसाठी आले आणि नेहमीचंच वाक्य बोलले. चाचांनी फोल्डर शोधला, माझ्याकडं पाहिलं. मी तिथंच कबूल केलं. चाचांनी गृहस्थांना फक्त नावं क्रमानं सांगायला सांगितली. ते तिसऱ्या काकांशी अडले. मग घरी फोन लावला. पलीकडं दोन चुलत्यांत आपलं नाव आधी होतं यावरून जुंपली.

"चाचा, तुमच्या कॉम्प्युटरपायी आमच्या घरात भांडण लागून राहिलं," गृहस्थ म्हणाले आणि स्वतःच हसले. मला हसता आलं नाही. चार दिवसांनी त्यांनी बहिणीच्या कपाटातून थोरलीची छापील पत्रिका शोधून आणली.

चाचा मला रागावले नाहीत. ती पत्रिका त्यांनी माझ्या हातात दिली. "तू वाच, मी टाईप करतो. चुलते नीट वाच."

तेव्हापासून रोज सकाळी चाचा जुन्या कॉम्प्युटरवर एकेक फाईल उघडतात, कागदावर छापतात, आणि मी ती कुठंही उघडेल अशा मराठीत पुन्हा टाईप करते. अजून निम्म्याहून जास्त घरं बाकी आहेत. परवा कॉम्प्युटर दोनदा बंद पडला. दुसऱ्या वेळी तो सुरू होईपर्यंत चाचा त्याच्यावर हात ठेवून उभे होते.

त्या बसमधल्या पत्रकातला एकही शब्द मी मागं घेत नाही. पण आज तुमच्याकडं मागणं वेगळं आहे. तुमच्या माळ्यावर, शाळेच्या अडगळीत, बंद पडलेल्या ऑफिसात जुना कॉम्प्युटर पडला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याची पाठ बघा. ती रुंद खाच दिसली, तर तो उचला आणि तुमच्या गावातल्या सगळ्यात जुन्या डीटीपीवाल्याच्या दुकानात नेऊन विचारा, तुम्हाला हवाय का. याच आठवड्यात विचारा.