जाळरेषेतली वीस पावलं

आमच्या गावात आता रक्षा नदीत सोडत नाहीत. वडूजकडच्या कोरड्या मुलखात नदीला पाणी असतं तरी किती दिवस? गावामागच्या टेकडीवर खड्डा काढायचा, त्यात रक्षा घालायची आणि वर झाड लावायचं, असं ग्रामसभेत ठरलं. आई गेली तेव्हा भाऊ सीमेवर होता, म्हणून खड्डा मी काढला. करंज लावला. दोन उन्हाळे शिरवळच्या कंपनीतून सुट्टीच्या दिवशी यायचे आणि कळशीने पाणी घालायचे.

आईच्या खालीच चुलत्यांची चिंच होती. चुलती रोज संध्याकाळी चिंचेपाशी बसून त्यांना गावातली खबरबात सांगायची. चुलते हयात असताना दोघांचं कधी धड बोलणं व्हायचं नाही, हे गावाला ठाऊक होतं.

तिसऱ्या वर्षी थंडीत वनरक्षक आले. टेकडीपलीकडचं रान दर उन्हाळ्यात पेटतं. ते इकडं उतरू नये म्हणून माथ्यावरच्या गवताचा एक पट्टा आपणच आधी जाळून टाकायचा, सकाळी, दव असताना, वारा पडलेला बघून. मग वणवा आला तरी त्याला तिथं जाळायला काही उरत नाही. याला ते जाळरेषा म्हणत. ही रेषा आईच्या करंजाला अगदी खेटून जात होती.

मी सरळ नाही म्हणाले. आईला एकदा जाळलंय, पुन्हा तिच्याजवळ आग न्यायची नाही. त्यांनी परोपरीने समजावलं, पण मी एकदा हट्टाला पेटले की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. शेवटी तडजोड झाली. करंजाजवळची वीस पावलं मी विळ्याने कापून काढायची. कापलेलं गवत मात्र टेकडीवर ठेवायचं नाही, खाली न्यायचं, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी हो म्हणाले.

दिवसभर कापलं. हात कुसळांनी भरले. एवढं गवत खाली कोण नेणार, आणि उन्हाळ्यात झाडांची ओल कशी टिकणार? मी ते आईच्या आळ्यात जाडसर पसरलं. उरलेलं चिंचेला आणि खालच्या झाडांना घातलं. शहाणपणा केला असंच मला वाटत होतं. चुलतीने तर माझ्या तोंडावरून हात फिरवला.

मार्चमध्ये एका दुपारी पलीकडच्या उतारावर कुणीतरी गवताला काडी लावली. जाळलं की नवं गवत जोमानं फुटतं, असं लोक मानतात. वणवा माथ्यावर आला, थंडीत जाळलेल्या काळ्या पट्ट्यापाशी विझत गेला. फक्त माझ्या वीस पावलांत विझला नाही. बुडखे धरून तो करंजापर्यंत आला, आणि तिथून मी पसरलेल्या गवतावरून झाडामागून झाड घेत खाली उतरला. आम्ही आग झोडपायला निरगुडीचे डहाळे घेऊन वर पोचलो तोवर सगळा उतार काळा झाला होता.

वनरक्षकांनी गवत खाली न्यायला सांगितलं होतं, हे मीच चुलतीला जाऊन सांगितलं. त्यानंतर कित्येक महिने ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी चिंचेच्या काळ्या खुंटापाशी जाऊन बसायची तेवढी.

यंदा थंडीत पुन्हा जाळरेषा निघाली, कुठंही न सोडता, सरळ. मी डहाळा घेऊन कडेला उभी होते. चुलती चढून वर आली आणि तिने माझ्या हातात काडेपेटी ठेवली.

"लाव काडी," ती म्हणाली. "आपल्या मानसांनी आग काय पयल्यांदा बघितलीया व्हय?"

दोन काड्या विझल्या, तिसरीने गवत धरलं. करंज होता ती जागा ओलांडून आग सरळ पुढं गेली.

चुलती खुंटापाशी जाऊन बसली आणि हलक्या आवाजात सांगू लागली, "आवं, पोरीनं औंदा समदं जाळलं बगा. आता वनवा यायचा न्हाई."

त्या उतारावर आता गवताशिवाय जळण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.