मायच्या अनवाणी पायांचं कारण

दोन वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही.

ऑफिसातून मुकुंदवाडीला घरी येताना छाती आवळून आली आणि दुखणं पाठीत, खांद्यांच्या मधोमध जाऊन बसलं. पिशोरहून धाकटा भाऊ खळ्यावर वाळत घातलेला मका तसाच टाकून आला, सोबत माय. कार्डिओग्राम बरा निघाला. बाकीचे रिपोर्ट आणायला चार दिवसांनी मी एकटाच गेलो. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठीक आहे. पित्त वर चढतं, त्यानं छाती-पाठ दुखते. चहा कमी करा, जेवून लगेच आडवं होऊ नका."

घरी तिघंही माझ्या तोंडाकडं बघत होती, बायको, भाऊ, माय. पित्तासाठी एवढं रान उठवलं, हे काही सांगवेना. म्हणालो, "हार्टचंच आहे थोडं. गोळ्या दिल्यात."

मग ते सोयीचं वाटू लागलं. शेताच्या कामाला कोणी बोलवेना, बायको आवाज चढवेना. उपाशीपोटी घ्यायची पित्ताची गोळी मी हार्टची म्हणून गिळत राहिलो.

मायनं मात्र चपला सोडल्या. लेकाची छाती बरी होईस्तोवर अनवाणी, असं देवाला बोलली होती. हे कळल्यावरही मी गप्पच.

यंदा उन्हाळ्यात ती आली. चौकात रिक्षातून उतरून घरापर्यंत तापल्या डांबरावरून चालली. टाचांच्या भेगांतून रक्त. घमेल्यात पाणी घेऊन मी तिचे पाय धुवायला बसलो आणि मान वर न करता सांगून टाकलं.

"माय, हार्टचं काही नव्हतं. पित्त होतं. पहिल्यापासून."

ती पाण्यात बोटं हलवत राहिली. "हार्टचंच असंल. देवानं पित्तावर भागवलं."

"नाही गं. मी खोटं बोललो."

"तुला धड खरं बोलायला जमत नाय, खोटं कुठून बोलशील?"

हसली थोडी. मला हसता आलं नाही. म्हणालो, "धाकट्यालाही सांगतो आज."

तिनं पाय बाहेर काढला. "त्याला नको सांगू. तवा पाऊस आला, समदा मका भिजला व्हता त्याचा."

म्हणजे मी खोटं बोललो हे तिला नीट कळलं होतं. मका भिजल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं. आजाऱ्याला कशाला सांगतील.

संध्याकाळी फोन लावला. पाठीत पुन्हा तेच दुखणं जाऊन बसलं होतं.

"हां दादा, छाती कशी हाय?"

"बरी आहे," म्हणालो. "बस जरा खाली. सांगायचंय."