भावोजी आणि बिनबिलाचे पडदे

आमचे भावोजी इन्कम टॅक्सच्या कचेरीत एकतीस वर्षं गप्प बसले आणि त्यावरच त्यांचं नाव झालं. बाकीचे अधिकारी टेबलावर मूठ आपटायचे, कलमं वाचून दाखवायचे. भावोजी फाईल उघडायचे, पेनाला टोपण लावायचे आणि समोरच्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत राहायचे. पाच मिनिटांत तो घाम पुसायला लागायचा, दहाव्या मिनिटाला बायकोच्या नावावरचं दुकान कबूल करायचा. एकदा एक दातांचे डॉक्टर समोर बसलेले असताना भावोजींनी शिपायाला खुणेनं फक्त पाणी आणायला सांगितलं. पाणी येईपर्यंत डॉक्टरांनी दोन फ्लॅट सांगून टाकले होते.

ताईला मागणी घालायला आले तेव्हाही ते आमच्या पुढच्या खोलीत तासभर नुसते बसून होते. बाबा घाबरले. कुणी काही विचारलेलं नसताना त्यांनी घराचं थकलेलं भाडं, आईचे गुडघे आणि ताईचं गणितात दोनदा नापास होणं, सगळं ओकून टाकलं. भावोजी म्हणाले, "हरकत नाही." त्या दिवसाचं त्यांचं भाषण एवढंच. मी पोस्टात खिडकीवर बसते, दिवसभर बोलण्याचंच काम, त्यामुळे हा माणूस माझ्या डोक्यात जायचा. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावरही ते गप्पच.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून बाबा आणि मी ताईकडेच राहतो. बाबांचा हात गेला तो गेला, शब्दही फार सावकाश यायला लागले. आम्हा दोघी बहिणींना दम कुठला? बाबा म्हणायचे, "मला… तो…" की ताई म्हणायची, "टॉवेल?" मी म्हणायचे, "पंखा?" बाबांना हवा असायचा खुंटीवरचा स्वेटर. मग ते डाव्या हातानं चमचा फेकायचे. भावोजी मात्र वाक्य संपेपर्यंत थांबायचे, चार मिनिटं लागली तरी. रोज सकाळी बाबांना उठवणं, अंघोळ, कपडे सगळं तेच करायचे आणि न्हाणीघराच्या दाराआडून बाबांचा आवाज येत राहायचा. आईशी ते उभ्या जन्मात एवढं बोलले नसतील. आम्हाला आत यायची मनाई. एकदा भावोजी तीन दिवस प्रशिक्षणाला गेले, तर तीन दिवस बाबांनी अंगाला पाणी लावून घेतलं नाही.

अशात सरकारनं इन्कम टॅक्सच बंद केला. कमवा किती कमवायचं ते, आम्ही विचारणार नाही, जे विकत घ्याल त्यावर शंभराला तेवीस द्या. देशभर एकच विक्रीकर, अगदी सोपा. लोकांनी आधी सरकारला डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी साबण आणायला गेल्यावर खाली ठेवलं. भावोजींच्या कचेरीत कपाटंच्या कपाटं रद्दीत निघाली. तरुण मंडळींना संगणकावर बसवलं आणि पन्नाशीपुढच्यांना बाजारात सोडलं. काम असं, की साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जायचं आणि बिल न देणारा दुकानदार पकडायचा. तीन महिन्यांत एक तरी केस हवी. नाही मिळाली तर तेरा तासांच्या अंतरावर, देशाच्या हद्दीवरच्या तपासणी नाक्यावर बदली.

ते ऐकून ताईनं एकच विचारलं. तेरा तासांवरून येऊन बाबांना रोज अंघोळ कोण घालणार?

आता खरी अडचण सांगते. भावोजींनी आयुष्यात स्वतः काही विकत घेतलेलं नव्हतं. त्यांच्या बनियनपर्यंत सगळं ताई आणायची. पहिल्या दिवशी ते भांड्यांच्या दुकानात जाऊन उभे राहिले. दुकानदारानं विचारलं, "काय दाखवू?" भावोजी गप्प. त्यानं बादल्या दाखवल्या, पातेली दाखवली. भावोजी त्याच्या दुसऱ्या बटणाकडे बघतायत. त्यानं घाबरून भाव दहानं उतरवला, मग वीसनं, मग एकावर एक फुकट. नको म्हणायला तोंड उघडावं लागतं, म्हणून भावोजी सहा बादल्या घेऊन घरी आले. बिल मात्र पक्कं, शिक्का मारलेलं, करासकट.

जवळजवळ तीन महिने हेच चाललं. घरात इस्त्रीची तीन टेबलं झाली, पोपट नसलेला पिंजरा आला, उजव्या पायाचे बूट दोन आणि डाव्याचा एक. प्रत्येक वस्तूचं बिल चोख. त्यांना बघूनच दुकानदार बिलबुकाकडे धावायचे.

"अहो, देशाचा अर्धा कर आपल्याच घरातून चाललाय," ताई कपाळावर हात मारून म्हणाली. मी म्हटलं, "निदान पोपट तरी आणा." ताईनं माझ्याकडे असं बघितलं, की मी उठून आत गेले.

मुदत संपायला चार दिवस राहिले तेव्हा ताईनं पर्स उचलली. "आज संध्याकाळी माझ्याबरोबर चला. तुम्ही मागे उभे राहा आणि पडदेवाला बिनबिलाचं बोलला की कचेरीचं कार्ड काढा. बाकी मी बघते." मी आपण होऊन गेले. असा तमाशा कोण सोडेल?

पडद्यांचं दुकान वीस वर्षांच्या ओळखीचं. दुकानात पडद्यांचे गठ्ठे छतापर्यंत, आणि भावोजी त्यांच्या आड असे उभे, की त्यांचा एक कान तेवढा दिसत होता. ताईनं निळं कापड बोटांत चुरगाळलं, नाक मुरडलं आणि सुरुवात केली. पहिल्या भावाला ती हसली. दुसऱ्याला उठून उभी राहिली. तिसऱ्याला मला म्हणाली, "चल गं." तेव्हा पडदेवाला काउंटरवरून वाकला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, नेहमीसारखं करू. बिल नको, कर नको."

झालं. हेच वाक्य हवं होतं. मी मागे वळून भावोजींना खूण केली. भावोजी खिशात हात घालून कार्ड चाचपायला लागले.

पण ताई ऐन रंगात आलेली. "ते तर आहेच," ती म्हणाली, "वर मीटरमागे आणखी दोन कमी करा." त्यानं केले. कात्री चालली, कापड कापून झालं, ताईनं पैसे मोजून दिले, कापड पिशवीत घातलं. तेव्हा कुठे भावोजींचं कार्ड बाहेर आलं.

पडदेवाला खाली बसला. मग त्याला आठवलं. "साहेब, घेणाऱ्यालाही तेवढाच दंड आहे. फॉर्मवर वहिनींचं नाव येणार. मी म्हणतो, पैसे परत घ्या, कापड परत द्या. सौदा झालाच नाही."

भावोजींनी फॉर्म काउंटरवर ठेवला, पेनाला टोपण लावलं आणि गप्प राहिले. मला वाटतं, ते खरोखरच विचार करत होते. पण सवयीनं त्यांची नजर समोर गेली आणि समोर होती ताई.

ताईनं आधी पदर सारखा केला. मग पर्स बंद केली, उघडली. मग म्हणाली, "हे बघा, तुम्ही बादल्या आणत सुटलात. घर कशात चालवायचं होतं मी?"

भावोजी गप्प.

"बरं बाई, सांगते. मिक्सरही बिनबिलाचा आहे."

मी म्हटलं, "ताई, गप्प बस!"

"बाबांची गादीसुद्धा. तुमची चप्पल. कुकर. टेबलफॅन, तो कोपऱ्यावरच्याकडून, त्यानं तर वर बल्ब दिला. आणि बादल्यांच्या दुकानातून चमचे." ती रडायला लागली. "या रांगेतल्या सात दुकानांत मी तीन महिने एक बिल घेतलेलं नाही."

जवळजवळ तीन महिने हा माणूस ज्या केसच्या शोधात गल्ल्या तुडवत होता, ती केस रोज त्याला जेवायला वाढत होती. मला हसू फुटलं, पण भावोजींचा चेहरा बघून ते गिळावं लागलं. त्यांचा हात फॉर्मवर होता आणि तो हलत नव्हता.

ताईनं नाक पुसलं. "लिहा. माझं नाव लिहा. दंड भरू. तुम्ही गेलात तर बाबा आठ दिवस काढायचे नाहीत."

त्यांनी लिहिलं. कबुली मिळालेलं सोडायची त्यांना सवय नव्हती, म्हणून मग दोघं नवरा-बायको एकामागून एक उरलेल्या सहाही दुकानांत गेले. भावोजी काउंटरपुढे उभे राहायचे, शेजारी रडवेली ताई. कुठेच दहा मिनिटांवर वेळ लागला नाही. सात केसेस, आणि सातही फॉर्मवर खरेदीदार एकच. शिलाई मशीनसाठी ताईनं तीन वर्षं साठवलेले पैसे दंडात गेले. त्याचं तिला काही वाटलं नाही. घरी येऊन तिनं बाबांना सांगितलं, "आता काळजी नाही, हे इथेच आहेत."

पुढच्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी भावोजींना बोलावून उभं राहून हात मिळवला. स्वतःच्या बायकोवर सात केसेस घालणारा अधिकारी त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता. अशा माणसाला गल्लीत ठेवणं म्हणजे देशाचं नुकसान आहे, असं ते म्हणाले. बढतीची ऑर्डर तिथल्या तिथे टाईप झाली. हद्दीवरच्या नाक्याचे प्रमुख, येत्या एक तारखेपासून हजर व्हायचं.

ताईनं ती ऑर्डर दोनदा वाचली आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मी सरकारला, साहेबांना आणि पडदेवाल्याला क्रमानं शिव्या घातल्या. भावोजी एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही. त्यांचे डोळे लाल होते.

बाबांना कुणी सांगायचं? कुणीच सांगितलं नाही. पण पातळ भिंतींच्या घरात काय लपतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पहिल्यांदाच आम्हा दोघींना न्हाणीघरात बोलावलं. ते खुर्चीवर बसले होते, गळ्यात टॉवेल, आणि भावोजी त्यांची दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्याला साबण.

"मी…" बाबा म्हणाले.

"तुमचं आम्ही करू, बाबा," ताई घाईघाईनं म्हणाली.

"मी रजा घेते," मी म्हटलं.

बाबांनी डावा हात वर केला. घड्याळ माझ्या मनगटावरच होतं. त्यांना सव्वा मिनिट लागलं आणि आम्ही ते सगळं ऐकून घेतलं.

"मी… याच्याबरोबर… जाणार."

खोटं कशाला बोलू, मला ते लागलं. दोन मुली समोर उभ्या असताना त्यांनी जावई निवडला होता. ताईचा हुंदका बाहेर पडला. "मी पण येणारच आहे की," ती म्हणाली, आणि मग मलाही रडू आवरेना.

भावोजींचा वस्तरा हवेतच थांबला होता. त्यांनी हात मागे घेतला आणि पाठ वळवून खिडकीबाहेर बघायला लागले. साबण बाबांच्या गालावरून टॉवेलवर ओघळला. बाबा वाट बघत राहिले, आणि मग त्यांनी डाव्या हातानं भावोजींचा सदरा मागून ओढला.

"पुरी कर… की. असा… अर्धाच… नेणार… मला?"