माधवच्या वाट्याचा हीलर

आमच्यात सगळ्यात सज्जन कोण, असं विचारलंत तर आम्ही बाकीचे चौघंही माधवचं नाव घेऊ. सज्जन म्हणजे ज्याच्या गळ्यात काहीही मारलं तरी जो हूं की चूं करत नाही, असा माणूस. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे जीभ जरा तिखट आहे. पण ही व्याख्या चुकीची असेल तर दाखवून द्या.

माधवचं वय सेहेचाळीस. एका कॉलेजच्या परीक्षा विभागात कारकून. लग्न केलं नाही. थोरला भाऊ कॅनडात, वहिनी कॅनडात, आई कोथरूडात. सहा वर्षांपूर्वी आईची, म्हणजे नंदाकाकूंची, उजवी बाजू गेली तेव्हा भाऊ फोनवर म्हणाला, "माधव, तू एकटाच आहेस, तुला जमेल." जमलं. न जमून सांगतो कोणाला?

त्याला एकच नाद होता, रविवारच्या आमच्या खेळाचा. सदाशिव पेठेत वरद शिकवण्या घेतो, त्या खोलीत आम्ही सकाळी जमतो. पुष्कर गोष्ट सांगतो: पुढे गुहा आहे, गुहेत अजगर आहे. वरद, शहाबाज, माधव आणि मी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आता काय करणार ते सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. चाळिशी उलटलेल्या माणसांनी हे करावं का? ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसून घ्यावं. बाकीचे रविवारी मॉलमध्ये जाऊन कोणता मोठा पराक्रम करतात?

नवा डाव सुरू करताना प्रत्येकानं आपला क्लास निवडायचा, म्हणजे गोष्टीत आपण कोण ते. तलवार चालवणारा फायटर, कुलपं उघडणारा चोर, मंत्र टाकणारा विझार्ड आणि जखमा बऱ्या करणारा हीलर. हीलर कोणालाच नको असतो. लढाई रंगात आली की बाकीचे मुंडकी उडवतात, आगी लावतात, आणि हा आपला मागे उभा राहून पट्ट्या बांधतो. पण तो नसला तर सगळे तासाभरात मरतात. म्हणून आमचा नियम होता: जो आधी येईल तो आधी निवडेल, शेवटी येईल त्याला उरलेलं.

रविवारी नंदाकाकूंपाशी बसायला कल्याणीताई यायच्या, त्या साडेदहाला. त्याआधी माधवनं काकूंचं अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं सगळं उरकलेलं असायचं. स्कूटर हाणत तो कोथरूडहून पोचेपर्यंत अकरा. आम्ही जमायचो दहाला. 'आपण वेळ अकराची करू या,' हे एवढंसं वाक्य सहा वर्षांत एकाच्याही तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही. पाच डाव झाले, पाचही वेळा माधव हीलर. आणि करायचाही मन लावून! शहाबाजचा चोर एकदा मरता मरता वाचवला, तेव्हा शहाबाजनं त्याला कडकडून मिठी मारली होती.

मागच्या दिवाळीत मी फराळ द्यायला त्याच्या घरी गेले होते. काकूंच्या खाटेपाशी स्टुलावर दोनशे पानी वही पडलेली. उघडली तर आत एक अख्खा विझार्ड! त्याचं नाव, गाव, लहानपण, गुरूशी झालेलं भांडण, कोणता मंत्र कधी टाकायचा, सगळं बारीक अक्षरात. काकूंच्या उशाशी जागून जागून लिहिलेलं.

"कधीतरी मी पण लवकर येईन ना," माधव म्हणाला आणि लगेच काकूंकडे बघून गप्प झाला. तो लवकर येणार म्हणजे काय झालेलं असणार, ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. मी चकलीचं कौतुक करायला लागले. माझ्याच चकलीचं.

जुलैत नंदाकाकू गेल्या. स्मशानात आम्ही चौघंही होतो. माधवचा हात धरला, अशा वेळी बोलतात ते बोललो. पुढचे तेरा दिवस कोणी तिकडे फिरकलं नाही, की फोन केला नाही. सुतकात कशाला त्रास द्यायचा! आपल्याकडे ही मोठी सोय आहे, आळसालासुद्धा शास्त्राचा आधार मिळतो.

नेमका त्याच दिवसांत पुष्करला नवा डाव सुचला. माधवच्या फोनवर उगाच टिंगटिंग नको, म्हणून त्यानं माधवला वगळून वेगळा ग्रुप काढला आणि विचारलं, कोण काय घेतंय? वरदनं लिहिलं फायटर, शहाबाजनं लिहिलं चोर. मी विझार्ड लिहिलं. वही आठवली नव्हती, असं म्हणण्याइतकी मी निर्लज्ज नाही. आठवली होती. चांगली दोन मिनिटं फोन हातात धरून बसले होते. मग म्हटलं, माधव काय, चालवून घेईल.

चौदावा दिवस रविवार होता. मी पावणेदहाला पोचले तर जिन्यात माधव! केस काढलेले, डोक्यावर टोपी, काखेत ती वही.

"पहिला आलो," म्हणाला आणि हसला. इतकं मोकळं हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "ऊन पडलंय नाही आज?"

सगळे आले, खोली उघडली, आणि पुष्करनं माधवपुढे भरलेला कागद सरकवला. "तुझं पण करून ठेवलंय रे. डोक्याला ताप नको तुझ्या. नाव तेवढं टाक."

माधवनं कागद वाचला. मग पुन्हा वाचला. "पण आधी येईल तो आधी निवडेल, असं होतं ना?"

"अरे, ते फोनवरच ठरलं यंदा," वरद म्हणाला. "आणि तुझ्यासारखा हीलर कोणाला जमणार? काकूंचं केवढं केलंस तू!"

वरद वाईट माणूस नाही. त्याला हे खरंच कौतुक वाटत होतं. शहाबाज मात्र खाली बघायला लागला.

"उल्का, तू काय घेतलंस?" माधवनं मला विचारलं.

"विझार्ड."

"चांगला असतो," तो म्हणाला, आणि वही पिशवीत घातली.

खेळ सुरू झाला. दीड तास तो हवं नको ते सगळं बघत होता, आमच्या जखमा बऱ्या करत होता. मला हायसं वाटलं. मग गुहेतला अजगर निघाला. वरद पडला, शहाबाज पडला, मी अर्धमेली. अशा वेळी हीलरनं एकच मंत्र टाकायचा असतो, की सगळे उठून बसतात.

"माधव, तुझी पाळी," पुष्कर म्हणाला.

"मी बसतो."

"बसतो म्हणजे?"

"तिथे दगड असेल ना एखादा? त्यावर बसतो."

"अरे, मरतील सगळे!"

"मरतील."

"वेड्यासारखं काय करतोस?" मी ओरडले. हो, मीच ओरडले. "आपण सगळे एकत्र आहोत ना?"

माधवनं टोपी काढून टेबलावर ठेवली. "तेरा दिवस घरात मी आणि भिंती होतो, उल्का. भावानं व्हिडिओवर नमस्कार केला. सुतक मला होतं. तुम्हाला काय झालं होतं?"

पुष्करनं फासा टाकला. टाकायलाच हवा होता. अजगरानं माझा विझार्ड गिळला. माधवनं आपला कागद नीट चौकोनी घडी करून पुष्करला परत दिला, टोपी घातली आणि "येतो" म्हणून निघाला. 'येतो' म्हणायची सवय, दुसरं काय.

त्याला चार रविवार झाले. आम्ही खेळलो नाही. जुन्या ग्रुपवर, ज्यात माधव आहे त्या ग्रुपवर, पुष्करनं विचारलंय, "पुढच्या डावात हीलर कोण?" चौघांनीही वाचलंय, उत्तर एकाचंही नाही. माझंही नाही, कारण मला अजूनही हीलर नकोय. माधवनं ग्रुप सोडलेला नाही. सोडला असता तर बरं झालं असतं.