तीन किल्ल्यांचा पासवर्ड

आमच्या गावच्या देवस्थान समितीत शहाणी माणसं आहेत, असं गावाबाहेर बोललं जातं. गावातलं कुणी तसं बोलत नाही.

मी रत्नागिरीत राहते आणि लोकांना वेबसाइट करून देते. शिमग्याला आमच्या देवीची पालखी घरोघर जाते, पण निम्म्या घरांना कुलपं आणि माणसं मुंबईला. कुणाचं घर उघडं असणार हे आधी कळावं म्हणून समितीने माझ्याकडे वेबसाइटवर फॉर्म मागितला. नाव, वाडी, घर कधी उघडणार आणि काही सांगायचं असेल तर एक मोकळी चौकट. बटण दाबलं की नोंद साठवली जायची. एका दुपारचं काम होतं. समितीने त्यावर चहाच्या किटल्याच्या किटल्या रिचवल्या.

पहिलं भांडण वाड्यांच्या यादीवरून झालं. वरची वाडी आधी की खालची, कारण आधी येईल तिचा मान मोठा. अक्षरांच्या क्रमाने लावू, असं मी म्हटलं, तर देवीलाच रेशनच्या रांगेत उभं केल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मग पासवर्ड आला. आमच्याकडे देवीच्या दागिन्यांच्या पेटीला तीन कुलपं आहेत आणि त्यांच्या किल्ल्या तीन मानकऱ्यांच्या घरी. तिघे जमले तरच पेटी उघडते. "ह्याचं पण तसंच करा," अध्यक्ष म्हणाले. मला वाटलं, थट्टा करतायत. पण एकेक मानकरी लॅपटॉपपुढे बसला आणि एका बोटाने आपापला तुकडा टाइप करत गेला. तोवर बाकीचे भिंतीकडे तोंड करून उभे, आणि त्यांच्यासोबत मीही. पासवर्ड विसरलात तर बदलायचं बटणही काढायला लावलं, चोराला वाट नको म्हणून. शेवटी माझा स्वतःचा प्रवेशही बंद करून घेतला. देवीची किल्ली बाईमाणसाच्या हातात नको म्हणे. देवी कोण आहे, ते बहुतेक चहात विरघळलं असावं. वाद घालण्यात अर्थ नव्हता, मी केला बंद.

फॉर्म भरणाऱ्यांत माझी चुलतकाकू पहिली. मुलाने गावचं घर विकलं होतं आणि शिमगा झाला की ताबा द्यायचा होता. लग्न होऊन आल्यापासून काकूने त्या दारात देवीची ओटी भरली होती. एकदा शेवटची भरायची, एवढंच तिचं मागणं. मुंबईहून तिचा फोन आला, "भरला गो मी फॉर्म. नोंद साठवली म्हणून आलं पण." ते वाक्य मीच लिहिलेलं होतं. तिला केवढा धीर आला होता त्याने.

शिमगा आला आणि खेडला राहणारे तिसरे मानकरी रुसून बसले. मानाचा नारळ आधी दुसऱ्याला दिला, हे कारण. अध्यक्षांनी फोन केला तर म्हणाले, "किल्ली काय फोनवर देतात? मान द्या, येतो." मान काही कुणी दिला नाही. नोंदी उघडेनात, तेव्हा समितीने मागल्या वर्षीचीच यादी चालवायची ठरवली. मागल्या वर्षी काकू गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आली नव्हती, त्यामुळे तिचं घर बंद घरांत.

मी अध्यक्षांसमोर जाऊन सांगितलं, काकू आली आहे, घर उघडं आहे, अंगण सारवलेलं इथून दिसतंय.

"तोंडी नको. नोंद दाखव."

"ती तुमच्याच कुलपात आहे."

"मग कुलूप उघडल्याबिगर आमी काय करनार?"

ह्या माणसाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतात आमच्याकडे.

पालखी ढोलताशात आमच्या वाडीत आली. काकू ठेवणीतली साडी नेसून अंगणात उभी होती. एका हातात ओटीचं ताट, दुसऱ्यात मोबाइल. त्यावरचं 'नोंद साठवली' तिने समितीच्या चिटणिसापुढे धरलं. त्याने चष्मा लावून वाचलं, अगदी नीट वाचलं. "बरोबर हाय, काकी. पन आमच्याकडं दिसत नाय." सहाणेवर, म्हणजे गावाची पालखी बसते त्या चौथऱ्यावर, येऊन ओटी भरा, असंही वर सुचवलं.

"तिथं सगळ्यांचीच हाय ती," काकू म्हणाली. "माजं दार हितं हाय."

पालखी पुढच्या घरी वळली. मला त्या सगळ्यांची किळस आली, अजून येते. काकूने ताट ओट्यावर ठेवलं आणि त्यातला नारळ उगाचच सरळ करत राहिली.

मे महिन्यात समितीची बैठक झाली. खेडचे मानकरी एव्हाना नारळ घेऊन खूश होते. तिघांनी आपापले तुकडे टाइप केले, बाकीचे भिंतीकडे वळले, आणि नोंदी उघडल्या. सगळ्यात वर काकूची. चिटणिसाने मोकळ्या चौकटीतलं मोठ्याने वाचलं, "घर विकलं आहे. यंदा शेवटची ओटी. पालखी दारात आणावी."

 मग अध्यक्षांनी घसा साफ केला. "बघा," ते म्हणाले, "येक पन नोंद गेली नाय." त्यावर टाळ्या झाल्या. काकूच्या दाराला तेव्हा नव्या मालकाचं कुलूप होतं.