पहाटे पाचचा मेसेज

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मैदानावरच्या मुलींना पहिल्याच आठवड्यात कळतं. घरच्यांना कळून तीस वर्षं झाली. त्यामुळे कुणी माझ्यासमोर उभं राहून, आवाज न चढवता माझी चूक मला दाखवावी आणि मी ती निमूट ऐकून घ्यावी, असं आयुष्यात फारसं झालेलं नाही. एकदा झालं. ज्या बाईंमुळे झालं त्यांचे उपकार मी विसरू शकत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझी नोकरी नाशिक रोडला, एका सरकारी कार्यालयात. कार्यालयाची वेळ होण्याआधी मी मुलींना धावायला शिकवतो, लांब पल्ल्याचं. तरुणपणी मी स्वतः धावायचो. फार मोठा धावपटू झालो नाही, पण त्याची खोड गेली नाही. त्या वर्षी माझ्याकडे बारा मुली होत्या. अकरा जणी जवळपासच्या, साडेपाचला मैदानावर हजर. बारावी सायखेड्याची. वय पंधरा, नववीत. घरची शेती, टोमॅटो आणि थोडी द्राक्षं. वडील भाजीपाल्याची पिकअप चालवायचे, त्यामुळे पहाटे बहुधा घरी नसायचे. रोज नाशिक रोडला येणं तिला शक्य नव्हतं. ती रविवारी यायची आणि बाकीचे सहा दिवस गावातच पाटाच्या रस्त्याने एकटी धावायची. अगदी एकटी नाही. त्या बाजूला उसात बिबटे असतात, म्हणून तिचा चुलता मोटरसायकलचा दिवा लावून मागे मागे जायचा. पुढे पोरगी, मागे पहिल्या गिअरमधली गाडी. गावातले लोक हसायचे म्हणे. चुलत्याने एक दिवस चुकवला नाही.

हे सहा दिवस मी तिला फोनवरून शिकवायचो. पहाटे पाचला माझा मेसेज जायचा, ‘उठलीस का?’ दोन मिनिटांत उत्तर यायचं, ‘हो सर.’ मग साडेसहाच्या सुमाराला किती अंतर, किती वेळ, ते यायचं. त्यावर माझं काहीबाही. ‘पोटरी दुखते का?’ ‘काल का मंदावलीस?’ ‘रागावलो त्याचं वाईट वाटलं का? वाटू दे.’ आठवड्यातून एखादं ‘शाब्बास’. आठ महिने हे चाललं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. आम्हाला शिकवणारे गुरुजी पहाटे सायकलवरून चाळीत यायचे आणि दारावर काठी आपटून आम्हाला उठवायचे. मी तेच करत होतो, फक्त काठीच्या जागी फोन.

आता फोनचं एक सांगायला हवं. माझे नातेवाईक, शेजारी आणि कार्यालयातले निवृत्त लोक मिळून मला रोज सकाळी पाऊणशे तरी फुलं पाठवतात. गुलाब, जास्वंद, सूर्योदय, वर सुविचार. त्यांनी फोनची मेमरी भरून जायची आणि ऐन वेळी स्टॉपवॉच अडकायचं. एकदा मी फोन भिंतीवर फेकायच्या बेतात असताना शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तो माझ्या हातातून घेतला, काहीतरी चार बटणं दाबली आणि म्हणाला, “घ्या साहेब. आता नवा मेसेज कुणाचाही येवो, चोवीस तासांत आपोआप पुसला जाईल.” मी त्याला चहा पाजला. ही गोष्ट त्या मुलीने माझ्याकडे यायला सुरुवात करण्याच्या आधीची.

तर आठ महिन्यांनंतर, डिसेंबरातल्या एका सोमवारी, ‘उठलीस का?’ला उत्तर आलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. दोनदा फोन केला, उचलला नाही. विभागीय स्पर्धा पाच आठवड्यांवर आलेली. मी मनातल्या मनात तिला आळशी, बेजबाबदार, थंडीला भिणारी असं सगळं ठरवून टाकलं. रविवारी आली की काय काय बोलायचं, तेही ठरवलं.

रविवारी तिच्याऐवजी तिच्या आई आल्या. एकट्याच, सकाळच्या पहिल्या एसटीने. एरवी मुलीबरोबर पिशवीभर मेथी नाहीतर वांगी पाठवायच्या; त्या दिवशी हात रिकामे होते. इतर मुलींच्या फेऱ्या चालू होत्या. त्या मला बाजूला, गेटजवळच्या कट्ट्यापाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “सर, एक विचारू? तुम्ही पोरीशी बोललेलं रोजच्या रोज का पुसता?”

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, “ताई, काय बोलताय याची कल्पना आहे का तुम्हाला? तीस वर्षं मैदानावर आहे मी. कर नाही त्याला डर कशाला? थांबा, आत्ताच्या आत्ता दाखवतो.”

मी फोन काढला, मुलीचं नाव उघडलं. रिकामं. आठ महिन्यांचं बोलणं, त्यातला एक शब्द नाही. अगदी वर, बारीक अक्षरांत एक ओळ होती, मी आयुष्यात कधी न वाचलेली: तुम्ही मेसेज नाहीसे होण्याची सोय चालू केली आहे. तीच ओळ माझ्या नावानिशी त्यांनी सोबत आणलेल्या मुलीच्या फोनवरही होती. टोमॅटोचे फोटो व्यापाऱ्याला पाठवायला चुलत्याने तो फोन घेतला होता, तेव्हा त्याच्या नजरेला ती पडली. ज्याला मी फुलांचा बंदोबस्त समजत होतो तो असा दिसत होता: बावन्न वर्षांचा मास्तर पंधरा वर्षांच्या मुलीला अंधारात मेसेज करतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचा मागमूस ठेवत नाही.

मी त्यांना फुलांचं, मेमरीचं, सहकाऱ्याचं सगळं सांगितलं, आणि सांगताना ते मलाच खोटं वाटायला लागलं.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “तुम्ही वाईट नाय, हे मला ठाव हाय. पाच वाजता तुम्हाला उत्तर मीच देते.”

“तुम्ही?” मी म्हणालो.

“तिचा फोन रात्री माझ्या उशाशी असतो. तुमचा मेसेज वाजला की मी उठते, ‘हो सर’ लिहिते, पाणी तापायला ठेवते, मग तिला हलवते. ती कुठली पाचला उठती? अन् तुम्ही पुढं जे काय लिहिता ते बी समदं वाचते मी. तुमचं रागावणं बी. दुसऱ्या दिवशी दिसायचं नाय, तर मला वाटायचं, फोन जुना हाय, विसरत असंल.”

म्हणजे आठ महिने मी एका चाळिशीच्या, घर आणि शेत दोन्ही ओढणाऱ्या बाईला ‘उठलीस का?’ म्हणून दरडावत होतो. एरवी मी हसलो असतो.

“दिरांना मी सांगितलं, उत्तर मीच देते, तसलं काय नाय त्यात. ते म्हणले, वहिनी, दाखव. काय दाखवू मी? तुमच्याकडचं गेलं तसं तिच्या फोनमधलं बी गेलं. आता ते गाडी घेऊन तिच्या मागं जायला तयार नायत. अन् गाडी नाय तर मी तिला अंधारात सोडणार नाय. तुम्ही म्हणता कर नाही त्याला डर कशाला. तुम्हाला डर नसंल सर. मला हाय. रस्त्यावर बिबट्याचं भ्या, तर दीर मागं जातात. फोनमध्ये तिच्या मागं कोण जाणार?”

 गुरुजींचा जो दाखला मी स्वतःला देत होतो तो तिथेच फसला, कारण गुरुजींची काठी अख्ख्या चाळीला ऐकू जायची. माझ्या आईला, शेजारच्या काकूंना, वरच्या मजल्यावरच्या रात्रपाळीवाल्याला. मला उठवायला ते आले, हे दहा घरांना माहीत असायचं. माझा मेसेज कुणालाच ऐकू जात नव्हता. निदान माझ्या समजुतीप्रमाणे तरी नाही.

घरी जाऊन मी एक फाइल शोधून काढली. वर्षभरापूर्वी आम्हा प्रशिक्षकांना एका सभागृहात बसवून, मुलांशी फोनवर कसं वागावं यावर एका तरुण मुलीने दोन तास सांगितलं होतं. मी मागच्या रांगेत बसून शेरे मारले होते, कचोरी खाल्ली होती आणि सही करून परतलो होतो. कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं: अल्पवयीन मुलांशी एकट्याने मेसेजवर बोलू नये, पालक असलेल्या ग्रुपवरच बोलावं, बोललेलं पुसलं जाईल अशी सोय वापरू नये, फोन करायचा तर पालकांच्या नंबरवर. खाली माझी सही, अगदी झोकदार. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

मंगळवारी रजा टाकून सायखेड्याला गेलो. चुलता माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “सर, मला तुमच्याबद्दल काय बोलायचं नाय. मला फक्त दिसलं पाहिजे.” तिथेच बसून मी ती सोय बंद केली. म्हणजे त्याने केली, मला जमेना. मग ग्रुप काढला. मुलगी, आई, चुलता, मी. बुधवारी पहाटे पाटाच्या रस्त्यावर गाडीचा दिवा पुन्हा लागला.

पुढच्या रविवारी बाकीच्या अकरा जणींच्या पालकांना बोलावलं आणि मी काय करत होतो ते उभं राहून सांगितलं. सांगताना कान तापले होते. काही जण म्हणाले, “सर, कशाला एवढं, तुमच्यावर विश्वास आहे आमचा.” तर सायखेड्याहून मुद्दाम आलेल्या या बाई मागून म्हणाल्या, “इस्वास हाय म्हणूनच समद्यांसमोर बोला म्हणतोय.” त्यानंतर मैदानाचा एकच ग्रुप झाला आणि मुलींनाही नियम सांगितला: तुमच्याशी बोलणारा मोठा माणूस एकटाच बोलायचं म्हणत असेल, तर ते आधी इथे सांगायचं. कुणीही असो. मी असलो तरी. ग्रुपचा त्रास एवढाच की चुलत्याला फुलं पाठवायचा नाद आहे. माझी मेमरी पुन्हा भरते. रोज दुपारच्या डब्यानंतर पाच मिनिटं बसून मी एकेक गुलाब हाताने पुसतो. बोलणं पुसत नाही.

विभागीय स्पर्धेत ती तिसरी आली. तिचा फोटो गावभर फिरला, सगळ्यांच्या फोनवर गेला. महिन्याभराने, मी कार्यालयात असताना, ग्रुपवर तिने काही फोटो टाकले. तिच्या फोनच्या पडद्याचे, आईच्या फोनने काढलेले. कुणी एक गृहस्थ, आपण राज्याच्या निवडीशी संबंधित आहोत म्हणून तिला चार दिवस मेसेज करत होता. तुझ्यात गुण आहेत. तुझ्या सरांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. गणवेशाच्या मापासाठी अमुक अमुक फोटो पाठव. आणि वर तीच बारीक ओळ, आता त्याच्या नावाची. खाली तिने लिहिलं होतं, ‘सर, हे एकटेच बोलतात. ग्रुपवर या म्हटलं तर नको म्हणतात. फोटो पाठवले नाहीत.’

चुलता गाडी घेऊन निघाला, मी कार्यालयातून. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. जे काही होतं ते पडद्याच्या त्या फोटोंत होतं, ते त्यांनी घेतलं. तो कोण होता ते आम्हाला अजून कळलेलं नाही. त्याचं खातं संध्याकाळपर्यंत नाहीसं झालं होतं.

परतताना मला भीती वाटली ती त्याची नव्हे. त्याने तिच्याशी जे केलं त्यातलं बरंचसं मी आठ महिने केलं होतं. एकट्याने मेसेज. घरच्यांना न सांगता. दुसऱ्या दिवशी काही शिल्लक नाही. माझ्या मनात पाप नव्हतं, पण मनातलं पडद्यावर दिसत नाही. ते तसंच चालू राहिलं असतं तर सर लोक असेच बोलतात, हेच ती माझ्याकडून शिकली असती, आणि त्या माणसाला पुढे फार कष्ट पडले नसते.

घरी पोचल्यावर मी तिच्या आईंना फोन लावला. म्हणालो, “ताई, त्या रविवारी तुम्ही आला नसतात, तर आज तिने त्याला फोटो पाठवले असते. आणि ते मी शिकवलेलं असतं. तुमचे फार उपकार आहेत.”

 त्या म्हणाल्या, “खरं सांगू सर? मी येतच नव्हते. तुमचा राग ठाव व्हता. म्हटलं, चार लोकांत कायतरी बोलतील, कशाला? धावणं बंद तर बंद. तीच मागं लागली. म्हणली, आई, तू जा. सर वरडतील, पण ऐकतील.”

“पुढचं तू बोल,” म्हणत मी फोन बायकोच्या हातात दिला.